नवरीच्या गाडीला कुकरची शिट्टी

लेंटमध्ये लग्नं लागत नाहीत. मी कोकणातल्या घरातला, आमच्यात चातुर्मास. लेंट, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ, हा शब्दच मला माझ्या मित्रामुळे कळला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत त्यांच्या गावठाणात बॅंड वाजायचा नाही, मांडव पडायचा नाही, आणि त्यामुळे त्याच्या वडिलांची गाडी घराशेजारच्या पत्र्याखाली नुसती उभी असायची. आम्हाला ती मिळाली ती एवढ्याच कारणाने. या प्रकाराबद्दल मी आजवर कुणापाशी धड बोललेलो नव्हतो. यंदा बोललो. ज्यांच्याशी बोलायला हवं होतं ते गेल्यावर बोललो, आणि आता लिहितोही आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. अंधेरीच्या पूर्वेला औद्योगिक वसाहतीच्या मधोमध एक जुनं गावठाण शिल्लक होतं. चहूकडून कारखान्यांच्या भिंती आणि आत कौलारू घरं, क्रूस, एक विहीर, चर्च. माझा मित्र तिथला. वसाहतीतल्या एका गाळ्यात तो वेल्डिंग-ब्रेझिंग, म्हणजे धातूचे जोड, करायचा. शेजारच्या गाळ्यात मी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेली मापं कागदावर काढायचो. माझ्याकडे डिप्लोमा होता, म्हणून तो मला नावाने कधी हाक मारायचाच नाही. "ए डिप्लोमा, चहा सांग." "डिप्लोमा, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय यावर?" मी जोगेश्वरीला दोन खोल्यांत आईबरोबर राहायचो. वडील नव्हते. संध्याकाळी सुटलो की पाय आपोआप त्याच्या घराकडे वळायचे. तिथे ओटी होती, माणसं होती, कुणीतरी कुणावर तरी ओरडत असायचं. मला ते घर फार आवडायचं. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं नाही त्याचं कारण हेच आहे.

त्याचे वडील विमानतळावरच्या गाड्या चालवून निवृत्त झालेले. मी त्यांना अंकल म्हणायचो. त्यांनी एका डॉक्टरची जुनी गाडी घेतली होती: सायीच्या रंगाची, चार दरवाजांची, स्टिअरिंगला गिअर असलेली, म्हणजे टॅक्सीवाल्यांची असायची तसलीच. गावठाणातल्या प्रत्येक नवरीला ते त्या गाडीतून चर्चला नेत. पैसे घेत नसत. बॅंड पुढे, गाडी मागे, घरापासून चर्चपर्यंत पहिल्या गिअरमध्ये. अंकल कोट घालत आणि आरशात नवरीकडे एकदाच बघून म्हणत, "चल बाय, बस नीट." गावातल्या सगळ्या पोरी अशा गेल्या होत्या. राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी, माझ्या मित्राची धाकटी बहीण. घरात तिला सगळे बायच म्हणत. तिचं लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ठरलं होतं.

टर्बोचार्जरचं खूळ माझं. एका परदेशी मासिकात मी त्याची आकृती पाहिली होती. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. एवढंच. मी ते चित्र मित्राला दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हणजे स्वतःच्याच धुराने स्वतःला ढकलायचं?"

"तसंच काहीसं."

"आमच्या मामासारखं झालं," तो म्हणाला. त्याचा मामा दारू पिऊन स्वतःचीच स्तुती करायचा.

आमच्याकडे पैसे नव्हते हे एकदाच सांगतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको. बंदरावर दारूखाना म्हणून भाग आहे, तिथे जहाजं तोडतात, तिथल्या भंगारातून त्याने एक छोटा टर्बो पैदा केला. कुठल्यातरी जहाजाच्या जनरेटरवरचा होता, गंजलेला, पण चाक बोटाने फिरवलं तर बराच वेळ फिरत राहायचं. बाकी सगळं इकडचं तिकडचं. धुराचा पाइप एका मोडक्या लोखंडी खाटेच्या पायांचा. हवेचा पाइप ट्रकच्या रेडिएटरचा रबरी होज. टर्बोला तेल लागतं, त्यासाठी फ्रिजची तांब्याची नळी, तिचे जोड मित्राने पितळेने केले. दाब मोजायचा काटा एका दवाखान्याने टाकून दिलेल्या ब्लडप्रेशरच्या यंत्राचा. तो आम्ही डॅशबोर्डवर बसवला. अंकल म्हणाले, "आधी गाडीचं ब्लडप्रेशर बघा, मग माझं."

आणि कुकर. कार्बोरेटरच्या तोंडावर दाबाची हवा पोचवायला एक बंद डबा लागतो. मी तीन रात्री आकृत्या काढल्या. मित्राने त्या पाहिल्याच नाहीत. स्वयंपाकघरातून मोडक्या दांड्याचा एक छोटा कुकर उचलून आणला आणि म्हणाला, "हा दाबाला बनवलेलाच आहे की." बॉनेट मिटेना म्हणून त्याने कुकर कापून चार बोटं उंचीचा केला आणि कार्बोरेटरवर बोल्टने आवळला. झाकण, रबर, सगळं होतं तसंच. आणि झाकणावर शिट्टी. दाब जास्त झाला की शिट्टी उचलली जाणार आणि हवा बाहेर जाणार. आयता व्हॉल्व्ह. मला अजूनही वाटतं, असला विचार फक्त त्याच्या डोक्यात येऊ शकतो, ज्या घरात दिवसभर काहीतरी शिजत असतं त्या घरातल्या माणसाच्या.

फक्त कुकरची शिट्टी भात-डाळीच्या हिशेबाने बनवलेली असते. तेवढा दाब त्या इंजिनाला झेपणार नव्हता, निम्माही जास्तच होता. हा हिशेब मात्र मी केला, आणि बरोबर केला. मित्राने शिट्टी लेथवर धरून घासत घासत हलकी केली. ब्लडप्रेशरचा काटा तीनशेवर आला की शिट्टी उडायची. तीनशेच्या पुढे त्या यंत्रावर आकडेच नव्हते. "तीनशेला पेशंट गेला," मित्र म्हणायचा.

अंकल रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन पत्र्याखाली येऊन बसत. "भात किती शिट्ट्यांत?" विचारत. एकदा म्हणाले, "या गाडीने आजवर बॅंडच्या मागून चालायचं काम केलंय. हिला पळायचंय कशाला, मला सांगा."

"पप्पा, नुसतं बघायचंय होतं का."

"बघा. पण लेंट संपला की हे सगळं खाली. बायला मी नेणार. जशी दिली तशी गाडी पाहिजे."

"जशी दिली तशी," मित्राने हात वर करून सांगितलं. मीही मान हलवली.

गाडी चालायला वेळ लागला. कार्बोरेटरमध्ये हवा दाबून भरली की पेट्रोल आत यायलाच तयार होईना. मग इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाच्या पोटात कुकरमधूनच एक बारीक नळी दिली, तेव्हा जमलं. मग शिट्टी खड्ड्याखड्ड्याला उडू लागली. मग ती हरवू नये म्हणून तारेने सैल बांधली. शेवटी एकदा वसाहतीतल्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जरा दबली, श्वास घेतल्यासारखी थांबली, आणि मग कुणीतरी मागून हळूच हात लावावा तशी पुढे गेली. काटा चढत तीनशेला आला आणि बॉनेटखालून शिट्टी झाली. फुटपाथवरची पोरं ओरडली, "भात झाला! भात झाला!" मित्र हसून हसून स्टिअरिंगवर पडला. मी पण हसलो. पण खरं सांगायचं तर मी जरा निराश झालो होतो. इतके दिवस नखांतलं काळं जाईना, पाठ मोडून आली, ऑफिसात मी डुलक्या घेत होतो, आणि हाती आलं ते काय, तर टॅक्सीपेक्षा थोडी बरी पळणारी टॅक्सी. मासिकात लिहिलेलं मला वेगळं काहीतरी वाटलं होतं.

पवित्र आठवड्यात मित्र कन्फेशनला जाऊन आला. आला तो हलका होऊन, शीळ घालत.

"गाडीचं सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, घरच्यांना न विचारता कुकर कापला."

"मग?"

"फादर म्हणाले, दहा प्रार्थना कर आणि आईला कुकर आणून दे. मग विचारतात, पळते का?"

"तुमचं बरं असतं यार," मी म्हणालो. "सांगितलं की मोकळे."

"तू पण ये. तुझं काय आहे पण सांगण्यासारखं? ऑफिसातली पेन्सिल चोरलीस?"

त्या दिवशी खरंच काही नव्हतं.

ठरल्याप्रमाणे गुड फ्रायडेला सगळं उतरवायचं होतं. मला सुट्टी होती, मी पाने-पकडी घेऊन सकाळीच हजर. आंटीने, म्हणजे त्याच्या आईने, ओटीवरूनच थांबवलं. "आज खिळा ठोकायचा नाही, लोखंडाला हात लावायचा नाही. तुला माहीत नाही, याला माहीत आहे ना?" मित्र पाने ठेवून आत गेला. मग ईस्टर. मग लग्नघर. मांडव, पाहुणे, फुगे म्हणतात त्या गोल पावांच्या तळणीची कढई, बॅंडवाल्यांशी भांडण. रोज उद्या उद्या होत गेलं आणि शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी लग्न.

शनिवारी दुपारनंतर त्यांच्यात नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायला सगळा गाव वाजतगाजत विहिरीवर जातो. नवरीच्या भावाला त्यातून सुटका नसते. मित्राने मला कोपऱ्यात घेतलं, चावी हातात दिली. "डिप्लोमा, तू गाडी गाळ्यावर ने आणि उतरवायला लाग. कुकर काढ, होज काढ. धुराच्या पाइपला हात लावू नको, तो मी येऊन करतो. दोन तासांचं काम आहे. संध्याकाळी धुऊन, रिबिनी बांधून पत्र्याखाली." मग थांबून म्हणाला, "सरळ गाळ्यावर हां."

"मग कुठे जाणार?"

त्या वेळी माझ्या पॅंटच्या खिशात आमच्या घरच्या कुकरची शिट्टी होती. पूर्ण वजनाची. सकाळी निघताना मी ती उचलली होती. आयत्या वेळी मोह झाला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. शिट्टी सकाळीच खिशात होती. उद्यापासून ही गाडी पुन्हा बॅंडमागून चालणार, मला एकदा तिचा खरा जोर बघायचा होता. एकदाच. हिशेब मी स्वतः केला होता, काय होऊ शकतं ते मला पाठ होतं. मी म्हटलं, थोडा वेळ झेपेल.

वळणावर बॉनेट उघडून मी शिट्टी बदलली. तारेने घट्ट बांधली. गाळ्याकडे न वळता हायवेला लागलो आणि बोरिवलीच्या दिशेने निघालो. गोरेगावच्या पुढे रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरला पाय दाबला. गाडी दबली, थांबली, आणि मग निघाली ती मला सीटला चिकटवून. काटा तीनशेला आला, शिट्टी झाली नाही. काटा आकड्यांच्या पुढे जाऊन खिळ्याला अडकला. मी पाय काढला नाही. इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला, तो जास्त दाबाने पेट्रोल अवेळी भडकल्याचा, हे मला माहीत होतं, तरी मी पाय काढला नाही. मग एक धप्प झालं, मागे निळा धूर, आणि बॉनेटच्या फटींतून काचेवर तेल आलं. गाडी आपोआप कडेला गेली.

किती सुख झालं, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. तो आवाज मात्र लक्षात आहे.

पहिलं काम मी काय केलं? बॉनेट उघडून, हात भाजत, आमच्या घरची शिट्टी काढली आणि घासलेली परत लावली. गाडी हलण्याआधी, मदत मागण्याआधी. मग हात दाखवत उभा राहिलो. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने दोर बांधून ओढत आणलं. वाटेत तो सारखा मागे वळून विचारत होता, "लग्नाची गाडी काय? लग्नाची गाडी काय?" कारण पुढच्या काचेत आंटीने आदल्या दिवशीच मेरीचा फोटो आणि पांढऱ्या रिबिनीचं रीळ ठेवलं होतं.

आम्ही गावठाणात शिरलो तेव्हा विहिरीवरून मिरवणूक परतत होती. पुढे बॅंड, लाल लुगड्यातल्या बायका, डोक्यावर कळशा, मध्ये बाय. समोरून टेम्पो, मागे दोराला आमची गाडी, काच तेलाने काळी. अरुंद रस्ता, कुणाला कुठे सरता येईना. बॅंडवाल्यांना काय करावं कळेना, ते वाजवतच राहिले. मित्र बायकांतून वाट काढत धावत आला. त्याने बॉनेट उघडलं. सगळीकडे तेल. त्याने चिंध्यांनी पुसत पुसत तांब्याची नळी शोधली, जोडावरून अंगठा फिरवला, आणि तिथे केसाएवढी एक चीर त्याला सापडली. ती आधीची होती, दणक्याने पडली होती, की दोराच्या हिसक्यांनी, मला आजही ठाऊक नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं.

"माझा जोड गेला," तो म्हणाला. "तेल गेलं सगळं. माझाच जोड गेला रे."

मी काही बोललो नाही. खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मला कुणी काही विचारलंच नाही. गाळ्यावर जायचं सोडून हायवेला कसा गेलास, एवढंही नाही. अंकल आले, त्यांनी नळी पाहिली, मुलाचा अंगठा पाहिला. "बस झालं," म्हणाले. "बंद कर ते." बॉनेटला म्हणाले की बॅंडला, कळलं नाही. दोन्ही बंद झालं.

मी घरी गेलो. आईने भात पातेल्यात केला होता. "शिटी खंय गेली रे? सकाळधरनं शोधतंय." मी खिशातून काढून दिली, म्हटलं, गाळ्यावर माप घ्यायला नेली होती. तिने ती हातात घेऊन नाकाशी धरली. "हेका तेलाचो वास कसलो येता?" चिंच लावून घासली आणि फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशीपासून ती पुन्हा कुकरवर.

रविवारी शेजाऱ्यांनी गाड्या देऊ केल्या, कुणी टॅक्सी बोलावतो म्हणालं. अंकल नको म्हणाले. "चालत जाऊ." भर उन्हात कोट घालून, बायचा हात धरून ते घरापासून चर्चपर्यंत चालत गेले. धुळीत लोळू नये म्हणून पोरींनी मागून झगा उचलून धरला होता. लोक म्हणाले, किती छान, जुन्या काळासारखं. अंकलनी वरच्या खिशात रुमालाऐवजी गाडीची चावी ठेवली होती. तिचं कातडी टोक बाहेर दिसत होतं. मित्र मागे बॅंडवाल्यांत मिसळून चालला होता. मी त्याच्या शेजारी.

गोष्ट इथे संपली असती तर एक गाडी बिघडली, एवढंच झालं असतं.

मेकॅनिकने इंजिन उघडलं, एका पिस्टनला भोक होतं. "तेल नाही म्हटल्यावर असंच होणार," तो म्हणाला. तो टर्बो-बिर्बो ओळखत नव्हता. असं भोक पडतं ते जास्त दाबाने, तेल गेल्याने इंजिन आवळतं, हे मला माहीत होतं. पाइप, कुकर, सगळं आधीच भंगारात गेलं होतं. अंकलनी मुलाला एकच सांगितलं: या गाडीला यापुढे हात लावायचा नाही. चिडून नाही, साध्या आवाजात. त्यामुळे ते कधी मागेही घेता आलं नाही. आणि गाडी जुनी, तिला सारखं काहीतरी लागणार. मग ते मला बोलावू लागले. "तू बघ जरा. तुझा हात सावकाश आहे." स्पार्कचे पॉइंट साफ करायला मी, क्लच केबलला मी. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा गावातल्या नवरीमुलींना चर्चला न्यायलाही मीच. ते शेजारी कोट घालून बसत. एके दिवशी चावीच मला देऊन टाकली. त्या वेळी मित्र ओटीवर पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

त्याने ब्रेझिंग सोडलं. लगेच नाही, आधी कामं परत परत तपासू लागला, एका जोडाला तासभर. मालक वैतागला. मग विमानतळाच्या कार्गोत लागला, खोकी चढवायच्या कामावर, आणि तिथेच राहिला. माझ्याशी तो तसाच होता. मला डिप्लोमाच म्हणायचा. ख्रिसमसला, सणाला मी त्यांच्या टेबलावर असायचो. अंकल माझ्याशी बोलायचे, मुलाशी कामापुरतं. भाजी मुलापलीकडून माझ्याकडे सरकवायचे. मी ती घ्यायचो. दरवेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, सांगितलं तर हे दार बंद. माझं लग्न झालं, आई गेली, तिचा कुकर बायकोने बोहारणीला दिला, नवा आला. स्वयंपाकघरात शिट्टी झाली की मी उगाच खिडकी उघडतो, अशी बायकोची तक्रार आहे. तिला वाटतं मला वाफ सोसत नाही.

यंदा पावसाळ्यात अंकल गेले. खूप म्हातारे होऊन, शांतपणे. मी खांदा दिला. महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, त्यांच्या घरी जेवण होतं. लोक पांगले, मी आणि मित्र ओटीवर खुर्च्या एकात एक घालत होतो. खुर्ची हातात असतानाच मी बोलून टाकलं. कसं बोललो ते आठवत नाही. तो मध्येच थांबला.

"शिट्टी कुठली?"

"आमच्या घरची. आईची."

"पूर्ण वजनाची?"

"हो."

"काटा?"

"तीनशेच्या पुढे जाऊन अडकला."

त्याने खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. बोटं मांडीवर हलत होती, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"म्हणजे जोड टिकला होता."

"मला वाटतं, टिकला होता."

"वाटतं काय? डिप्लोमा ना तू?"

"टिकला होता," मी म्हणालो.

मी मारण्याची वाट बघत होतो, किंवा शिवीची. त्याने अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळलं, त्या दिवशी नळीवर चोळलं होतं तसं. "मी तो जोड किती वेळा केला असेल माहितेय? कार्गोत, बसमध्ये, झोपेत. दरवेळी बरोबर यायचा. मग तेव्हाच का चुकला, कळायचं नाही." मग म्हणाला, "पण हे तू पप्पाला सांगायचं होतंस. मला सांगून काय उपयोग. माझं काय जायचं ते गेलं."

बाय ताटं घेऊन बाहेर आली. ती आता वसईला असते, तिची मुलगी लग्नाची आहे. "तुम्ही दोघं जेवला नाहीत," म्हणाली. मित्र तिच्याकडे न बघता म्हणाला, "बस. हा तुला काहीतरी सांगणार आहे."

दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. फादरांना रोज कसं ऐकवतं कोण जाणे. तिने सगळं ऐकून घेतलं. पहिली गोष्ट बोलली ती अशी: "त्या सॅंडलने माझी टाच सोलली होती. चर्चमध्ये रक्त होतं पायात." मग म्हणाली, "पप्पा वाटेत दोनदा थांबले होते. लोकांना वाटलं रडतायत. त्यांना दम लागला होता." मग, "का नाही सांगितलंस रे? आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

"मला इथे येता आलं नसतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. कळलं म्हणून, की कळलं नाही म्हणून, विचारायची हिंमत नव्हती.

मी खिशातून गाडीची चावी काढली. कातडी टोक आता गुळगुळीत झालेलं. ओटीवरच्या टेबलावर मित्राच्या बाजूला ठेवली. त्याने उचलली नाही. बायने चावी हाताने जराशी बाजूला सारली, तिथे ताट मांडलं, आणि त्याला वाढलं. दुसरं माझ्यापुढे ठेवलं. आम्ही जेवू लागलो. पत्र्याखाली गाडीवर ताडपत्री होती, तिच्यावर पावसाचं पाणी साचलेलं.

अर्धं जेवण झाल्यावर तो ताटातच बघत म्हणाला, "बॅटरी शेवटची कधी बदललीस?"

"गेल्या गणपतीच्या आधी."

"मग बसली असणार," तो म्हणाला, आणि बायकडे भात मागितला.